अण्णा, मार्च धरू नका

“नांदेडात कोणत्या क्लासनं फोडलं तुला, तेवढं सांग. बाकी काही विचारत न्हाई.”

अण्णांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं आणि एसी बंद केला होता. अण्णा चिडले की आधी एसी बंद करतात, समोरच्याला घाम फुटावा म्हणून. मला तो बाहेरच फुटला होता.

लातुरात मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी बायोलॉजी शिकवतो. अण्णा आमच्या क्लासचे मालक. पूर्वी केमिस्ट्री शिकवायचे, आता शिकवणाऱ्यांना सांभाळतात. आमच्या धंद्यात ‘फॅकल्टी फोडणं’ म्हणजे दुसऱ्या क्लासचा चालता शिक्षक आपल्याकडं ओढणं. शिक्षक गेला की मागोमाग पोरं जातात आणि पोरांमागं पालक. त्यामुळं मालक लोक आमच्यावर जी नजर ठेवतात, तशी सासू नव्या सुनेवरही ठेवत नसेल.

अण्णांनी मोबाइल पुढं सरकवला. फोटोत मी होतो. नांदेडची एक इमारत, लिफ्टसमोर उभा, अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. बाजूला ठळक पाटी : तिसऱ्या मजल्यावर मेडिकल प्रवेशाचा क्लास. फोटो आमच्याच एका पालकानं काढून पाठवला होता.

“डेमोला चालला होतास, हाव का न्हाई?”

डेमो म्हणजे नोकरी देण्याआधी नवीन मालक एक लेक्चर घ्यायला लावतो ते. आता इस्त्रीचा शर्ट आणि फाइल घेऊन माणूस दुसरीकडं कुठं जाणार?

मी दुसऱ्या मजल्यावर चाललो होतो. तिथली पाटी फोटोत आली नव्हती. तिथं मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरीण बाईंचा दवाखाना आहे. फाइलमध्ये वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची, सोनोग्राफी होती. वैशाली लिफ्टमध्ये आधीच शिरली होती. शर्टही तिनंच घालायला लावला होता.

लातुरात काय दवाखाने कमी आहेत? पण इथं कुठल्याही दवाखान्यात गेलो की रिसेप्शनवरून “नमस्कार सर” होतं. डॉक्टरांची मुलगी माझ्या बॅचला, कंपाउंडरचा पुतण्या माझ्या बॅचला. एकदा रक्त देताना लॅबवाल्यानं त्याच्या भावाच्या मार्कांविषयी विचारलं, सुई आत असताना. म्हणून नांदेड गाठलं.

वैशाली मुरुडच्या शाळेत शिकवते. पहिल्या फेरीआधीच तिनं मोठ्या बाईंना सांगून टाकलं. “बाई, मूल व्हावं म्हणून उपचार सुरू करतोय, मधूनच रजा लागेल.” बाईंनी एवढंच विचारलं, “तुझे तास कुणाला देऊ?” विषय संपला.

“तुम्ही पण अण्णांना सांगून टाका,” ती म्हणाली.

“बातमी झाली की सांगू. नुसत्या विचाराची काय बातमी?”

खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी अण्णा मला रिपीटर बॅच देणार होते. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेली पोरं पुन्हा बसतात, ती ही बॅच. क्लासची अब्रू तिच्यावर उभी असते. घरात पाळण्याचा विचार चाललाय म्हटल्यावर अण्णा ती माझ्याकडं ठेवतील, याची मला खात्री नव्हती.

अडचण अशी, की या उपचारात तारीख आपण ठरवत नाही. स्कॅन करून डॉक्टर सांगतात, परवा या. मग मला थापा माराव्या लागल्या. आधी मेव्हण्याचं लग्न सांगितलं. मग मुरुडच्या मावशीचं ऑपरेशन सांगितलं. ही मावशी त्याच आठवड्यात अण्णांच्या पाहुण्यांच्या वरातीत नाचताना अण्णांनी स्वतः पाहिली. आणि पुढं गडबडीत त्याच मेव्हण्याचं मी पुन्हा लग्न लावलं.

“मेव्हणा एकच ना रे तुला?” अण्णांनी तेव्हा विचारलं होतं.

“हो अण्णा. पहिलं... जमलं नाही.”

त्यानंतर प्रवेशाचं नवं फ्लेक्स चौकात लागलं, तेव्हा सगळ्या शिक्षकांचे फोटो होते आणि माझ्या जागी गुलाबाचं फूल होतं. लातुरात फ्लेक्सवरून फोटो गेला की माणूस गेला. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, “सर, सोडला का क्लास?” मी तडक केबिनमध्ये गेलो, आणि दार मागं बंद झालं.

“उद्या पालक मेळावा हाय,” अण्णा म्हणाले. “स्टेजवर माझ्याशेजारी बसायचं. बसलास तर रिपीटर तुझी. न्हाई बसलास तर तू नांदेडचा. मला येड्यात काढू नको.”

उद्या. उद्याच ‘ट्रान्सफर’ होतं. लॅबमध्ये वाढवलेला गर्भ आईच्या पोटात सोडायचा दिवस. काम थोड्या वेळाचं, पण दिवस हलवता येत नाही. आणि वैशालीला मी शब्द दिला होता की दाराबाहेर तरी मी असेन.

मानवी प्रजनन हा चॅप्टर मी दरवर्षी भरल्या हॉलमध्ये माइकवर शिकवतो. आकृत्या काढतो, बाण दाखवतो, कुणी फिदीफिदी हसलं तर झापतो. तोच मी अण्णांसमोर उभा राहून टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागलो.

“अण्णा, ते... ह्यूमन रिप्रॉडक्शनच्या पुढचा चॅप्टर...”

“त्याचं काय? पोर्शन राहिलाय?”

“त्यातला शेवटचा टॉपिक.”

“शिवा, मी केमिस्ट्रीचा माणूस हाय. मराठीत सांग.”

“आम्हाला मूल होईना, अण्णा. नांदेडला उपचार चालू आहेत. उद्या महत्त्वाचा दिवस आहे. मेळाव्याला मी नाही येऊ शकत.”

अण्णांनी उठून एसी चालू केला.

“म्हणजे मेव्हण्याचं लग्न...”

“झालंच नाही अजून. मुलगी बघायलेत.”

“येड्या! चार मॅडम हायेत आपल्याकडं. एकीनं तरी असं केलं का? फिजिक्सच्या मॅडम लग्नाची पत्रिका द्यायला आल्या, तवाच बोलल्या, अण्णा, बाळाचा विचार हाय, पुढल्या साली मार्च धरू नका. मी टाइमटेबल तसं लावलं. आणि तू? माझी झोप घालवलीस, त्या गरीब मावशीला ऑपरेशनला झोपवलंस!” मग आवाज खाली आणून म्हणाले, “जा उद्या. बिनघोर जा.”

“अण्णा, पण हे आपल्या दोघांतच.”

“हाव. दोघांतच.”

दुसऱ्या दिवशी नांदेडचं काम नीट पार पडलं. परतताना वैशाली गाडीत मागच्या सीटवर आडवी होती. अहमदपूर ओलांडलं आणि माझा फोन वाजायला लागला, तो थांबेचना. मेळाव्यात एका पालकानं उभं राहून विचारलं होतं, “बायोलॉजीचे सर नांदेडला गेले म्हणे?” अण्णांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, “गेलेत. पण शिकवायला न्हाई. बाळासाठी दवाखान्यात गेलेत. उद्या पहिल्या लेक्चरला हजर असतील. अजून कुणाला काही विचारायचंय?”

मग म्हणे एका आईनं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

मी हे सांगत होतो आणि वैशाली मागं तोंडावर ओढणी धरून हसत होती. “मला हसवू नका हो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.”

चाकूरला आई राहते. दर फेरीला तिच्या घराजवळून आम्ही काचा वर करून जात होतो. आज ती रस्त्यावरच उभी होती, हातात डबा.

“किराणा दुकानात कळलं मला,” ती म्हणाली. “तुझ्या क्लासच्या पोरांच्या आयांना आधी ठाऊक, अन् मला मागून?” मग मला बाजूला सारून ती मागच्या दारातून वैशालीजवळ जाऊन बसली. लातूर येईपर्यंत डब्यातलं तिलाच भरवत राहिली.

त्या वेळी गर्भ राहिला नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी मी लेक्चर घेतलं, काय शिकवलं ते आठवत नाही. मला वाटलं होतं, आता गावभर ‘नाही’ म्हणत फिरावं लागणार. पण कुणी विचारलंच नाही. माझ्या चेहऱ्यावर काय असेल ते असेल, रिक्षावाल्यानंसुद्धा रस्ताभर फक्त उन्हाचा विषय काढला. अण्णांनी मात्र स्टाफरूममधल्या टाइमटेबलवर स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘शिवा सर – नांदेड – डॉक्टर सांगतील तेव्हा.’ चोरून जाण्याची सोयच संपली. रिपीटर बॅच माझ्याकडंच राहिली.

पुढच्या खेपेला राहिला. मुलगी झाली. पालकांकडून डिंकाचे लाडू इतके आले की वैशालीपेक्षा मीच बाळंतीण दिसायला लागलो. फ्लेक्सवर फोटो परत आला. गुलाब तसाच ठेवून त्याच्यावर चिकटवलाय, कडेनं एक पाकळी अजून दिसते.

नवीन शिक्षक कधी कधी विचारतात, घरच्या असल्या गोष्टी मालकाला कधी सांगाव्यात? मी सांगतो, ज्या दिवशी पहिली थाप सुचते, त्या दिवशी. थाप पाठ करायला जेवढी मेहनत लागते, त्याहून कमी मेहनतीत खरं सांगून होतं. शिवाय मेव्हणा नाराज होत नाही.

परवा अण्णा पुढल्या मार्चमधल्या क्रॅश कोर्सचं टाइमटेबल लावत बसले होते. पेन हातात, चष्मा कपाळावर. मी दारातूनच डोकावलो.

“अण्णा, मार्च धरू नका.”

अण्णांनी वर पाहिलं. “बातमी हाय का नुसता विचार?”

“नुसता विचार.”

“बस,” अण्णा म्हणाले, आणि एसी वाढवला.