शेठचं थायलंड

माझ्या घरमालकांना सगळे शेठ म्हणायचे. मानकोलीची भातजमीन गोदामांसाठी विकल्यावर ही पदवी त्यांना आपोआप चिकटली. गळ्यात जाड साखळी आली, दारात पांढरी गाडी आली. पण रस्त्याच्या कडेनं ते चालायचे मात्र बांधावरून चालल्यासारखे, एका पावलापुढे दुसरं टाकत.

एका वर्षी ते भाऊबंदांबरोबर थायलंड बघून आले. मी भिवंडीच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून उत्सुकतेनं विचारलं, "शेठ, देश कसा आहे?"

"आपल्यासारकाच हाय, मास्तर. तीच खाडी, तोच चिखल, तसाच घाम."

"आणि माणसं?"

"आपल्यासारकीच. जेवायला भात नि खाडीचं मावरं."

माझा धडा दोन उत्तरांत संपला. त्यांच्या भावानं मात्र हसत हसत सांगितलं, की शेठनी वाटेत बस थांबवायला लावली, नवे बूट हातात घेतले आणि कुणाच्या तरी शेतात उतरले. लोंबीतला दाणा चावून म्हणाले, "दूध भरलंय." मग गाईडला गुंठ्याचा भाव विचारला.

त्या शेतात उभ्या शेठचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लागला. पुढं मुलीला बघायला पाहुणे आले. त्यांनी फोटोकडे बघून विचारलं, "शेत तुमचंच का?"

मी शेठकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या गोदामांकडे बोट दाखवलं.

"आमचंच. आता त्या पत्र्याखाली हाय."