डावं पुढचं चाक

माझ्या भावाला आमच्या इमारतीत सगळे ‘चकाचक’ म्हणतात. त्याच्या तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक आहे, आणि वाईट म्हणजे त्याला ते कौतुक वाटतं. तो टाइल्सच्या दुकानात मॅनेजर आहे. दिवसभर गुळगुळीत फरश्यांत स्वतःचं तोंड बघायचं आणि घरी आल्यावर गाडीच्या चाकांत बघायचं, हा त्याचा दिनक्रम. मी वरच्या मजल्यावर राहते. माझ्या गॅलरीतून खालचं पार्किंग सरळ दिसतं, त्यामुळे हा सोहळा मला वर्षानुवर्षं फुकटात बघायला मिळाला आहे.

गाडी आली की आधी चाकं गार होऊ द्यायची. तापलेल्या चाकावर पाणी मारलं की डाग धरतात, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतो. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. मोठा मऊ ब्रश चाकाला, दाढीचा जुना ब्रश नटांच्या खोबणींना. शेवटी कोरडं फडकं आणि त्यावर मेणाचा हात, म्हणजे ब्रेकची काळी भुकटी चिकटून बसत नाही. हे सगळं बरोबरच आहे. ब्रेक दाबला की पॅड झिजतो, त्याची गरम भुकटी चाकावर उडते आणि तशीच राहू दिली तर चाक खाते. पण एवढं शहाणपण पाजळणाऱ्या या माणसाने एकदा दुकानातून फरशीवरचं सिमेंट काढायचं अॅसिड आणलं आणि डाव्या पुढच्या चाकावर ओतलं, कारण तिथली भुकटी ब्रशला दाद देत नव्हती. चाकाची चमक गेली आणि नासलेल्या दुधासारखे पांढरे डाग उठले. खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. तिने चाक इतकं काळं केलंच नसतं तर अॅसिड लागलंच नसतं, असं दादाचं म्हणणं.

वहिनी फिजिओथेरपिस्ट आहे. जे रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे जाऊन ती व्यायाम करून घ्यायची, आणि त्यासाठी गाडी लागायची. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची एक बाजू लुळी पडली होती, आणि वहिनीच्या हाताखाली त्या पलंगापासून खिडकीपर्यंत चालायला लागल्या होत्या. त्या पहिल्यांदा खिडकीशी पोचल्या, त्या दिवशी वहिनी घरी आली तेव्हा जिना चढताना गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी फार वेळा ऐकलेलं नाही.

दादाने तिला ‘गाडी चालवू नकोस’ असं कधी म्हटलं नाही. तो तसला नाही. तो सुस्कारे सोडतो. ती आली की तो खाली उतरायचा, डाव्या पुढच्या चाकावरून पांढरं फडकं फिरवायचा आणि ते काळं फडकं घेऊन वर यायचा. पाहुणे असले तर त्यांच्यासमोर धरायचा.

“हे बघा, आमच्या हिच्या पायाची करामत. ब्रेकवर नुसती उभी राहते.”

“पण एकाच चाकावर कसं?” असं कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर तयार असायचं. ती डावीकडे वळताना ब्रेक दाबते म्हणे. असलं शास्त्र फक्त आमच्या घरात जन्माला येतं.

“अहो, गाडी डावीकडे ओढते,” वहिनीने एकदा सांगितलं होतं. मी तिथेच बसले होते.

“गाडी नाही ओढत, तुझे हात ओढतात,” दादा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

शेवटी एका सकाळी वहिनीने किल्ली टेबलावर ठेवली आणि बसने गेली. लांबचे रुग्ण सुटले. मुख्याध्यापिकाबाईंनी व्यायामाला दुसऱ्या बाई लावल्या. वहिनी घराजवळच्या दवाखान्यात बसायला लागली, मानदुखीवाल्यांच्या माना धरत. दादाने किल्ली उचलून खिशात टाकली. सुस्कारे थांबले, घरात शांतता आली, आणि या शांततेचं श्रेयही त्याने स्वतःकडेच घेतलं.

पुढे वहिनीची आई पडली, म्हणून ती माहेरी गेली. त्या दिवसांत एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली दादा उकिडवा बसला होता, डाव्या पुढच्या चाकापाशी. बाकीच्या तीन चाकांकडे त्याने बघितलंही नव्हतं. बादलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं. मी तशीच खाली गेले.

“दादा, वहिनी माहेरी आहे. हे काळं कुणी केलं?”

त्याने आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं.

“हवेत धूळ किती असते हल्ली.”

“एकाच चाकापुरती?”

“तुला गाडीतलं काय कळतं?” असं म्हणून त्याने बादली गटारात ओतली, घाईघाईने, पुरावा ओतावा तशी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनीने गाडी सोडली तेव्हापासून ते चाक तस्संच काळं होत होतं, आणि हा गृहस्थ सगळे उठायच्या आत ते धुऊन काढत होता. त्याला कळलं होतं. कळूनही तो मूग गिळून बसला होता, कारण बोलला असता तर किल्ली परत द्यावी लागली असती. मेकॅनिकला दाखवायचं तर गाडी धुऊनच न्यायची, आणि ओरखडे पडतील म्हणून चाक खोलू द्यायचं नाही, ही त्याची जुनी रीत. म्हणजे रोग झाकायचा आणि वर तब्येत उत्तम म्हणायची. मला माझ्या सख्ख्या भावाची किळस आली, आणि ती मी लपवली नाही.

वहिनी परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी दादाने गाडी लावली तशी ती खाली गेली. वाकून तिने एकेका चाकाजवळ तळहात नेला, सुजलेला गुडघा बघताना नेते तसा. मागची दोन चाकं, उजवं पुढचं, सगळी कोमट. डाव्या पुढच्या चाकापाशी तिने हात झटकन मागे घेतला.

“इथे दुखतंय,” ती म्हणाली. “उद्या दाखवू. न धुता न्यायची.”

“अशी घाण घेऊन? लोक काय म्हणतील?” दादा म्हणाला.

“मी येते बरोबर.”

मेकॅनिकने चाक काढलं. ब्रेक दाबून सोडला की पॅड मागे सरकायला हवा, तो अडकून बसला होता, गाडी चालू असेतो चाकामागच्या तबकडीला घासत. झिजून त्याचा पत्रा उरला होता. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर ब्रेक लागलाच नसता, एवढं सांगून मेकॅनिक कामाला लागला. दादाने लगेच मान डोलावली. “मी म्हणतच होतो, काहीतरी गडबड आहे.” तो कुणाला म्हणत होता, बादलीला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बादल्या घेऊन उतरला तेव्हा वहिनी गाडीपाशी उभी होती, कामाची पिशवी खांद्याला. तिने हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढली, जरा रेंगाळला, पण दिली.

“आणि चाकं धुऊ नका,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“चारही सारखी काळी होतात का, ते मला बघायचंय.”

मुख्याध्यापिकाबाईंनी काही परत बोलावलं नाही, त्यांना नव्या बाईंची सवय झाली होती. पण लांबचे दुसरे रुग्ण मिळाले. चाकं आता चारही सारखीच मळतात, आणि महिन्याकाठी वहिनीला वेळ मिळाला की तीच पाणी मारते. दादा रोज गाडीजवळून जातो. त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे जातो आणि परत येतो.

परवा खालच्या शेजाऱ्यांकडे आलेल्या पाहुण्याने त्याला विचारलं, “तुमच्या चाकांची फार ख्याती ऐकली होती. ही अशी कशी झाली?”

“काय करणार,” दादाने जुना सुस्कारा सोडला, “बायको चालवते.”

वहिनी मागून जिना उतरत होती.

“हो,” ती म्हणाली, “मीच चालवते.” आणि दार उघडून गाडीत बसली.