सगळे डावरे कसे?

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी व्याख्यान होतं. विषय होता, हे शहर श्रीमंत कसं झालं. मी बाबांना मुद्दाम घेऊन गेले. बाबांनी उभं आयुष्य गोदीत जहाजांवरच्या गोण्या उतरवल्या, म्हणजे विषय त्यांचाच की! ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले.

वक्ते बोलले छान, त्याचाच मला अजून संताप येतो. कापूस, गिरण्या, बंदर, दूरदृष्टीचे व्यापारी, त्यांच्या हवेल्या, त्यांची दानतसुद्धा. तासभर जहाजं येत होती आणि जात होती. माल उतरत होता तो बहुधा आपोआप.

मलाही हे शहर जीव लावून आवडतं, पण हवेल्यांमुळे नाही. लवंगांचं जहाज लागलं की बाबांच्या शर्टाला घमघमाट यायचा. त्या दिवशी आई शर्ट धुवायची नाही, कपाटात आमच्या कपड्यांमध्ये टांगून ठेवायची. खताचं जहाज असलं की बाबा बाहेरच्या नळावर अंघोळ करूनच घरात येत. मग मी त्यांच्या डाव्या खांद्याला तेल चोळत बसायची. तिथली कातडी टाचेसारखी राठ झाली होती.

शेवटी पडद्यावर एक जुना फोटो आला. गोण्या वाहणाऱ्या माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात गोणी ओढायचा लोखंडी हूक. वक्ते म्हणाले, "माणसं शेजारी असल्यामुळे गोणी केवढी होती याचा अंदाज येतो." लोकांनी माना डोलावल्या. माणसं म्हणजे यांची मोजपट्टी!

बाबा माझ्याकडे वळले. "गो, फोटो उलटो लावल्यानी. हूक उजव्या हातात आसता, गोण डाव्या खांद्यार. हे सगळे डावरे कशे?" आणि त्यांनी हात वर केला.

"काका, प्रश्न शेवटी हं," सेक्रेटरी हसून म्हणाले. बाबांचा हात वरच. मागे कोणीतरी खुसखुसलं. मी तो हात धरून खाली ओढला. "बाबा, बसा ना! लोक बघतायत." ते बसले. शेवटी पार्किंगबद्दलच चार प्रश्न झाले, मग चहा आणि समोसे.

संध्याकाळी तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. मी मोठा करून पाहिला. एका गोणीवर पुसट अक्षरं होती आणि ती सगळी आरशात दिसावीत तशी उलटी होती. मी तडकून ग्रुपवर लिहिलं की फोटो उलटा आहे, आणि हे ज्यांच्या सकाळीच लक्षात आलं त्यांना आपण बोलू दिलं नाही. कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याखाली लगेच पाण्याच्या टँकरचा निरोप आला.

मी फोन बाबांपुढे धरला. "बघा, तुमचंच बरोबर होतं. काय माणसं आहेत ही, काडीची अक्कल नाही!"

बाबांनी फोटोकडे पाहिलंच नाही.

"तेंका खय कळतला," ते म्हणाले. "तुका तर ठावक होता गो."

होतंच. सकाळी हॉलमध्ये, फोटो पडद्यावर आल्या आल्या मला वाटलं होतं, तेल या माणसांच्या उजव्या खांद्याला चोळावं लागत असेल.