तेलाच्या डागांवर माती

जळक्या तेलाचा वास आला की निजामाच्या काळातलं हिंगोलीतलं एक अंगण आठवतं. वडील तिथल्या एका वकीलसाहेबांच्या बिनछपराच्या, दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीवर ड्रायव्हर होते. इंजिनवर वारेमाप खर्च होऊनही तेल गळायचंच. ‘मोटार न्हाई, तेलाचा घाणा पाळला! आता पुन्हा तेल गळलं तर विकतो,’ साहेब म्हणाले. तेव्हापासून वडील रोज पहाटे तेलाच्या डागांवर माती टाकू लागले. शेवटी कनेरगावजवळ तेलाविना इंजिन जाम झालं. ‘काहून लपवलं रे?’ साहेबांनी विचारलं. ‘नोकरी गेली तर लेकराची शाळा सुटंल, साहेब.’ साहेबांनी मोटार भंगारात दिली, माझी फी मात्र मॅट्रिकपर्यंत भरली. पुढे पदवीचे पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वडील सोबत आले, पण त्या लपवाछपवीच्या लाजेनं फाटकाबाहेरच उभे राहिले. मी एकटाच आत गेलो, याचं आजही वाईट वाटतं.