लेस सुटली नव्हती

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. हे एवढं एक सोडून. ती इकडचीच, कानपूरची. मुलंही इकडेच वाढली, त्यांना मराठी बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. म्हणजे मी हे मराठीत लिहायला बसलो त्यात सोय किती आणि खरेपणा किती — तुम्हीच ठरवा. भित्रा मी पहिल्यापासून. शाळा सहावीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. पण जी चूक सांगायची आहे ती लिहिण्यातली नाही.

मानोऱ्याजवळ आमचं गाव. तिथून मी वाशीमला जिनिंगमध्ये कामाला आलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, उंची मात्र ताडासारखी झाली होती. कापसाच्या गाड्या रिकाम्या करायच्या, ढीग लावायचे. राहायला कोणाचा आधार नाही. बाबाराव तिथे प्रेसवर फिटर होता. पलटणीतून परत आलेला माणूस, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. त्यानं मला आपल्या खोलीत जागा दिली, त्याच्या बायकोनं — सुमनवहिनीनं — आपल्या ताटातली भाकर दिली. का दिली? मी कधी विचारलं नाही. देणाऱ्याला कारण विचारलं तर तो परत घेईल, अशी भीती मला तेव्हा वाटायची. अजून वाटते.

पलटणीत बाबाराव बास्केटबॉल शिकला होता. दाबलेल्या कापसाच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी असते, तिचे पदर एकावर एक ठोकून त्यानं रिंग केली. आवारातल्या जुन्या फळ्यांचा बोर्ड. जाळी सुतळीची, आणि ती हवीच, कारण जाळी नसली की चेंडू आतून गेला का बाहेरून यावरच अर्धा वेळ भांडण. पहिल्या पहिल्यांदा गाडीवाले बैल सोडून बघत उभे राहायचे. एक म्हातारा रोज विचारायचा, "काहून रे पोट्टेहो, डालग्यात चेंडू टाकून काय भेटते?" बाबाराव म्हणायचा, "काई नाई भेटत बुवा, खालून पडून जाते." म्हातारा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

चेंडू आपटायला शिकवायच्या आधी त्यानं आम्हाला एक गोष्ट शिकवली. ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्या काळी नियम असा होता की पंचाची शिट्टी वाजली की ज्यानं धक्का मारला, ओढलं, पाडलं, त्यानं स्वतः हात वर करायचा. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे तोंड करून. पंचानं ओळखावं म्हणून थांबायचं नाही. बाबारावचा त्यावर फार कटाक्ष. म्हणायचा, "हात आपला आपणच उचलाचा. दुसरा कोणी येऊन उचलून देत नाई." सरावात तो एकेकाला मुद्दाम धक्का मारायला लावायचा आणि हात वर करून उभं करायचा. आम्ही हसायचो.

मग ती लीग निघाली. गावच्या एका वकीलसाहेबांच्या डोक्यातून. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि पैनगंगेपलीकडे हैदराबाद राज्य. थोड्याच वर्षांपूर्वी तिकडे निजाम होता, त्याचं वेगळं नाणं, नाक्यावर जकात. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून मोगलाईच. वकीलसाहेबांनी ठरवलं की नदीच्या अलीकडचे क्लब आणि पलीकडचे क्लब यांनी एकमेकांकडे जाऊन खेळायचं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. उद्घाटनाच्या भाषणात ते 'आंतरराज्य' म्हणता म्हणता 'आंतरराष्ट्रीय' म्हणून गेले, आणि कोणी दुरुस्त केलं नाही. लोक तर सरळ 'परदेशाची मॅच' म्हणायचे. कापसाच्या लॉरीत बसून आम्ही हिंगोलीला जायचो. नाक्यावर अडवायला कोणी उरलं नव्हतं, तरी तिथे आली की लॉरी आपोआप हळू व्हायची.

या परदेशाबद्दल वकीलसाहेबांनी एक कडक नियम केला होता. दोन्हीकडचे लोक जवळ येऊन राहिलेत, खेळाच्या निमित्तानं मारामारी नको. मुद्दाम कोणाला इजा केली तर तो खेळाडू लीगमधून कायमचा बाहेर. हे प्रत्येक सामन्याआधी वाचून दाखवायचे.

हमीदबद्दल सांगितलं पाहिजे. टाळत होतो. हमीद हिंगोलीचा, त्यांचा सगळ्यात चपळ गडी, आणि धंद्यानं शिंपी. आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा लॉरीतून उतरताना माझी चड्डी खिळ्याला लागून मागून टरकली. दुसरी आणलेली नव्हती. सगळे हसत होते. हमीद मला हाताला धरून आपल्या दुकानात घेऊन गेला, मला लुंगी दिली, मशीनवर बसून चड्डी शिवून दिली. मी काय द्यायचं विचारलं तर म्हणाला, "मेहमान हो." त्या चड्डीवर मी तो सगळा हंगाम खेळलो. शिवण शेवटपर्यंत टिकली.

आता तो तिसरा माणूस. कानपूरच्या एका गिरणीचा खरेदीदार दरसाल कापूस बघायला वाशीमला यायचा. त्या वर्षी तो मोसम संपल्यावरही थांबला, एकदा सामना बघितला, आणि मग प्रत्येक सामन्याला खुर्ची टाकून बसायला लागला. गिरणीची स्वतःची टीम होती. वकीलसाहेबांना तो म्हणाला की एक उंच, समजदार गडी पाहिजे, नोकरी देऊ, राहायला क्वार्टर देऊ. कोणाला नेणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाबारावला. त्यानं आपल्या ट्रंकेला नवी कडीसुद्धा बसवून घेतली होती. सुमनवहिनी शेजारणीला विचारत होती, कानपुरात ज्वारी भेटते का म्हणून.

मला आनंद झाला होता का? झाला होता. आणि धास्तीही वाटत होती. बाबाराव गेला तर मी कोणाच्या खोलीत राहणार? या दोन गोष्टी एकाच पोटात कशा राहतात ते मला सांगता येत नाही, पण होत्या.

शेवटचा सामना वाशीमला होता, हिंगोलीशी. पाणी मारून, मुरूम दाबून, चुन्याच्या रेघा ओढून आवार तयार केलेलं. पोहरादेवीच्या जत्रेला होते तशी गर्दी, लोक प्रेसच्या पत्र्यावर चढून बसलेले. हमीद त्या दिवशी मला सारखा चुकवत होता. डावीकडे दाखवायचा, उजवीकडून जायचा. पत्र्यावरून एकजण ओरडला, "ए ताडाचं झाड, हाल ना जरा." खुर्चीवरचा खरेदीदारही हसला. ते मी बघितलं.

पुढच्या खेपेला हमीद मला पुन्हा चुकवून रिंगखाली उडाला. बाबाराव माझ्या डाव्या हाताला होता, तोही अडवायला उडाला होता. मी मागून हमीदचं बनियन धरलं आणि ओढलं. हवेतल्या माणसाला ओढलं की तो कसा पडतो, तुम्ही बघितलंय? पाय वर जातात. तो उजव्या हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की तो आवाज फळीचा होता. नव्हता.

हे ओढणं ही माझी कबुली नाही. खेळात हात जातो. मी लाजेनं, रागानं ओढलं, ते वाईटच. पण ते घडून गेलं, डोक्यात विचार यायच्या आत. मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. त्यात विचार होता.

शिट्टी वाजली. पंच म्हणजे शाळेचे ड्रिल मास्तर. त्यांची नजर चेंडूवर होती, ओढणारा हात त्यांना दिसला नाही. त्यांना दिसला जमिनीवर विव्हळणारा हमीद आणि त्याच्या मागे उभे आम्ही दोघं. बाबाराव आणि मी. मास्तर म्हणाले, "कोण होता? हात." एवढंच. हिंगोलीचे लोक उठून आत यायला लागले होते. त्यातला एकजण म्हणत होता, "यही मेहमाननवाजी है क्या?"

आणि मी खाली वाकलो. बुटाची लेस बांधायला.

बूट बाबारावनंच घेऊन दिलेले, पांढरे, कॅनव्हासचे. मी वाकलो, गाठ सोडली, पुन्हा बांधली. सावकाश. लेस सुटली नव्हती. मला ठाऊक होतं की सुटली नव्हती. ती बांधता बांधता मी सगळा हिशेब केला: हात वर केला तर लीगमधून बाहेर, मग हे लोक मला का ठेवतील, गावी परत जावं लागेल, आई काय म्हणेल. शाळा अर्धी टाकलेल्या पोराचं डोकं त्या दिवशी फार भराभर चाललं. बाबारावचं काय होईल याचाही विचार केला का मी? हो. केला. आणि दुसरी गाठ मारली.

मान वर केली तेव्हा बाबारावचा हात वर होता. टेबलाकडे तोंड करून, कोपर सरळ, सरावात आम्हाला उभं करायचा तसा.

का केला असेल? लोक अंगावर येत होते, कोणाचा तरी हात वर जाणं गरजेचं होतं. ते आत आले असते तर त्या आवारात काय झालं असतं, देव जाणे. हात वर गेला आणि लोक थांबले. वकीलसाहेबांनी नियम वाचून दाखवला. बाबाराव रेघेबाहेर गेला, बनियन काढलं, आणि हमीदला बैलगाडीतून दवाखान्यात नेणाऱ्यांबरोबर उघड्या अंगानं गेला. आम्ही सामना जिंकलो. जिंकलो हे लिहायलाही कसंतरी होतं.

खरेदीदार वकीलसाहेबांना म्हणाला, असा मुद्दाम हाडं मोडणारा माणूस आमच्या टीमला नको. दोन दिवसांनी त्यानं बाबारावलाच बोलावून विचारलं, "और कौन है तुम्हारे यहाँ?" बाबारावनं माझं नाव सांगितलं.

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. बोललो नाही. त्यानंतर मला रोज वेळ होता. त्याच खोलीत, त्याच भाकरीवर. हमीद त्या उन्हाळ्यात कात्री धरू शकत नव्हता, म्हणून बाबाराव दर रविवारी हिंगोलीला जायचा, त्याच्या हाताखाली कापड कापून द्यायचा. हमीदनं त्याला माफ केलं, असं लोक सांगायचे. ज्यानं काही केलं नव्हतं त्याला माफ केलं. मी एकदाही गेलो नाही. कामाचं निमित्त सांगायचो.

मी निघालो त्या दिवशी मोटार स्टँडवर बाबाराव ट्रंक घेऊन आला. तीच, नव्या कडीची. म्हणाला, "तुले लागन, मले कायले पायजे आता." मी पाया पडायला वाकलो तर त्यानं मला खांद्याला धरून मध्येच उभं केलं. मोटार सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "लेस पक्की बांधत जाय, नामदेव." एरवी तो मला नाम्या म्हणायचा.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बाजूलाच तर उभा होतो मी.

कानपुरात मला सगळं मिळालं. क्वार्टर, पगार, बहिणीचं लग्न, मुलांच्या शाळा. मी कृतघ्न नाही, रोज हात जोडतो. आणि गंमत ऐका — गिरणीच्या टीममध्ये माझं नाव झालं ते प्रामाणिक म्हणून. शिट्टी वाजली की माझा हात वर. माझी चूक असो वा नसो, दुसऱ्यानं धक्का मारला तरी माझाच. पोरं चिडवायची, "अरे, नामदेव का हाथ तो छत का पंखा है, बटन दबाओ, चालू." मीही हसायचो. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्याच गोष्टीचं कौतुक केलं. बायको पहिल्या रांगेत होती, तिचे डोळे भरून आले होते.

बाबाराव पुन्हा खेळला नाही. लीगचा दुसरा हंगाम झाला, तिसरा झाला, तो चुन्याच्या रेघा ओढायचा आणि बाहेर बसायचा. मी मध्ये दोनदा वाशीमला गेलो. दोन्ही वेळा त्यानं नातवंडांना सांगितलं, हा आमचा कानपूरचा प्लेअर. दोन्ही वेळा मी सांगायचं ठरवून गेलो होतो आणि जेवून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सुमनवहिनी एकटीच दारात होती.

वाशीमात आणि हिंगोलीत तो सामना आठवणारे अजून काही म्हातारे असतील. त्यांना विचारलं तर ते सांगतील की फिटर बाबारावनं शिंपी हमीदला मागून ओढून पाडलं, त्याचं मनगट मोडलं.

बनियन धरलं ते मी. उजव्या हातानं. ज्या हातानं हे लिहितो आहे त्याच.