जात्यावरच्या रेघा

आमची आणि चुलत्यांची मिळून एकच विहीर. कडेगावच्या अंगाला सगळा ऊस, आणि उसाला पाणी किती पाजलं तरी कमीच. सकाळी आमची मोट, बारा ते तीन चुलत्यांची, तीननंतर दिवस मावळेपर्यंत पुन्हा आमची. घड्याळ दोन्ही घरांत नव्हतं. एक उभी काठी रोवलेली होती. तिची सावली बघायची आणि भांडायचं. थंडीत केलेली खूण उन्हाळ्यात जुळायची नाही, मग एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायच्या.

लढाईच्या दिवसांत धाकटा भाऊ रजेवर आला. सांगलीला राहून मॅट्रिक झालेला, पलटणीत नकाशांच्या कामावर. त्यानं मोडक्या जात्याची तळी विहिरीच्या काठावर बसवली आणि मधल्या भोकात लोखंडी गज पक्का केला. पण गज उभा नाही, तिरपा, उत्तरेला तोंड करून जवळजवळ निजलेला.

"सतरा अंश, दादा. आपल्या गावातनं ध्रुव एवढाच वर दिसतो. गज त्याच्यावर रोखला की बाराही महिनं तीनची सावली तीनच्याच रेघंवर."

मग कोष्टकाचं पुस्तक उघडून दोन दिवस गणितं केली आणि छिन्नीनं रेघा पाडल्या.

तो गेला आणि चुलते येऊन उभे राहिले. बाराजवळच्या रेघा दाटीवाटीनं, सकाळ-संध्याकाळच्या ऐसपैस.

"काय रं, तुमाला रुंद घरं आन् मला चिमूटभर व्हय?"

मलाही ते पटलं. भावकीत वाटणी म्हणजे सुतळी टाकून सारखी, तिथं गणित कसलं डोंबलाचं! मी सुतळीनं दगडाच्या अर्ध्या कडेचे बारा सारखे भाग केले, भावाच्या रेघा घासून काढल्या आणि वर त्यालाच पत्र लिहून झापलं: "शिकून अक्कल गहाण टाकलीस काय? चुलत्यावर अन्याव करतोस? तुझी चूक मी दुरुस्त केली हाय."

माझी चूक पहिल्यांदा बैलांना कळली. भर दुपारी त्या दगडावर सावली लय हळू सरकते. चुलत्यांची बैलं फेसाला यायची, तरी तीनची रेघ काही येईना. आमची मोट जुंपेपर्यंत दिवस कलायचा. चुलते खूश, आमचा ऊस पिवळा. आठ दिवसांत मला उमगलं की भावाचं बरोबर होतं. पण थोरला ना मी! कागद घेऊन बसायचो आणि तसाच उठायचो.

आईला सगळं ठाऊक होतं. ती रोज विचारायची, "लिवलंस का रं त्याला, तुझं बरोबर व्हतं म्हणून?"

"लिवतो की. न्हाईतर आल्यावर सांगू. हसंल चार दिवस."

तार आली. त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही, माझ्यानं होत नाही.

पुढं काही महिन्यांनी त्याची पेटी आली. कपड्यांखाली माझं पत्र होतं. कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं गणित: आमच्या गावाचे सतरा अंश, एकेका तासाची रेघ, तीनदा केलेलं. तिन्ही वेळा उत्तर तेच. खाली लिहिलं होतं, "तीनदा करून बघितलं, फरक पडत नाही. पण दादा म्हणतोय म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं असणार. घरी गेल्यावर दादाकडून समजून घ्यायचं."

दादाकडून! मी पेटीच्या काठावर कपाळ आपटून रडलो.

दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन विहिरीवर गेलो. चुलते आले. वाऱ्यानं उडू नये म्हणून कागद दोन्ही हातांनी धरून बसले. मी एकेक रेघ त्याच्या आकड्यांप्रमाणं पाडली, दाट तिथं दाट, ऐसपैस तिथं ऐसपैस.

त्या दुपारी चुलत्यांची बैलं फेसाला यायच्या आत सावली तीनवर आली. त्यांनी मुकाट्यानं मोट सोडली. मी माझी बैलं जुंपता जुंपता मोठ्यानं म्हणालो, "तुझं बरोबर व्हतं रं, गड्या."

एवढंच तर लिहायचं होतं.