कट्यार एकटी जात नाय

"ही सुरी नाय रं पोरा. मूठ घट्ट कर," असं म्हणत मावशी नवरदेवाची बोटं एकेक करून मिटवायच्या. नवरदेव बँकेतला असो नाहीतर द्रोणागिरीच्या गोदामातला सुपरवायझर, त्याचा हात कट्यारीच्या मुठीवर नीट बसल्याशिवाय त्या टोकाला लिंबू टोचू द्यायच्या नाहीत. तोवर मी कॅमेरा घेऊन ताटकळत उभा.

पनवेलच्या आसपास लग्नांचे फोटो काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हळद लागली की दृष्ट लागू नये म्हणून नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हल्ली ती भाड्याच्या शेरवानीबरोबरच येते; पत्र्याची, वर लाल खडे. नवरदेव ती कांदा चिरायला बसल्यासारखी धरतात आणि अल्बममध्ये ते जन्मभर तसंच राहतं. विचुंबे गावात मात्र एक खरी कट्यार होती, आणि ती मावशींच्या सासरची होती.

सुरीची मूठ पात्याच्या रेषेत असते, कट्यारीची आडवी. मुठीच्या दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या मनगटाच्या मागे येतात आणि पातं बोटांच्या पुढे सरळ निघतं. त्यामुळे वार नुसत्या मनगटाचा राहत नाही, खांद्याचा होतो. टोक मुद्दाम जाड, चिलखताच्या कड्यांत घुसताना मोडू नये म्हणून. हे सगळं मावशी एका वाक्यात उरकायच्या. "ही कापाला नाय, ठोसा माराला हाय."

काही जुन्या कट्यारींना मोडक्या फिरंगी तलवारीचं पातं जोडलेलं असतं, असं मी एकदा कुठंतरी वाचून त्यांना सांगितलं. "आमची तशी उष्टी नाय," मावशी म्हणाल्या. सासऱ्यांचे आजे ती घेऊन किल्ल्यावर पहाऱ्याला असायचे म्हणे. किल्ला दर लग्नात बदलायचा. मी कधी टोकलं नाही.

नवरा होता तोवर कट्यार तोच न्यायचा. तो गेल्यावर लोक म्हणू लागले, कुणाच्या तरी हाती पाठवून द्या, तुम्ही कशाला त्रास घेता. हळदीत विधवेचं काय काम, असं तोंडावर कुणी बोललं नाही, पण मावशी काही दुधखुळ्या नव्हत्या. "कट्यार एकटी जात नाय," एवढंच त्या म्हणाल्या. गावाला कट्यार हवी होती, म्हणून मावशीही चालवून घेतल्या गेल्या. नवरदेवाची मूठ मिटवून झाली की त्या आपणहून मांडवाबाहेर आचाऱ्यांपाशी जाऊन बसायच्या. तिथून आचाऱ्यांना मसाल्यावरून बोलणी, आणि जेवण मात्र पोटभर.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. थोरल्या जाऊबाईंनी स्पष्टच सांगितलं, "लोकांच्यात चाललं. आपल्या घरात नको. पोराला काय झालं तर?" मला वाटलं, आता भांडण पेटणार. पण गावाला न भ्यायलेली ही बाई पोराच्या नावानं भ्यायली. कट्यार त्यांनी कापडात गुंडाळून जाऊबाईंच्या हाती दिली आणि हळद सुरू होण्याआधीच आचाऱ्यांच्या टोपांपलीकडे जाऊन बसल्या. मला त्या दिवशी फोटो काढावेसेच वाटेनात.

हळद लागली. जाऊबाईंनी कट्यार पुढे केली. मुलानं ती बाजूच्या पट्टीला दोन बोटांनी धरली, टोक खाली, आता बोंबील साफ करणार असल्यासारखी.

हाच मुलगा लहानपणापासून आईबरोबर हळदींना यायचा. इतर नवरदेवांची पकड चुकली की आईच्या आधी हसायचा.

"अरे, नीट धर," मी म्हणालो.

"येत नाय मला," तो म्हणाला. चांगलं मोठ्यानं, आणि माझ्याकडे न बघता टोपांकडे बघून.

एक काका पुढे झाले, मग मामा. कुणालाच जमेना. लिंबू घरंगळून खाली पडलं. बेंजोवाले थांबले.

"सुरी हाय का रं ती?" मागून आवाज आला, आणि पाठोपाठ मावशीच आल्या. तरातरा, सवाष्णींना बाजूला सारत. त्यांनी मुलाचा हात धरला, बोटं एकेक करून मिटवली, दाबून पाहिली. आणि मग त्यांना कळलं आपण कुठे उभ्या आहोत ते. त्या वळल्या. मुलानं हळदीनं माखलेल्या डाव्या हातानं त्यांचं मनगट पकडलं.

 जाऊबाईंनी त्या पकडलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग त्यांनी हळदीची वाटी सरकवली. "आता आलीच हायस तर लाव पोराला."

मावशींनी लावली. मुलानं वाकून आपला गाल त्यांच्या गालावर घासला. मी फोटो काढला, पण मला समोरचं धड दिसत नव्हतं.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. तेराव्याला लावायला फोटो हवा म्हणून मुलगा स्टुडिओत आला. मी एक गंभीर, शांत चेहऱ्याचा काढून ठेवला होता. त्यानं हळदीतला निवडला. घरात कुजबुज झाली, पण त्यानं तोच भिंतीवर लावला.

तेराव्याला सगळ्या बायका एकेक करून फोटोला नुसतं फूल वाहून मागे सरत होत्या. जाऊबाई पुढे झाल्या. काचेतल्या त्या पिवळ्या गालाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि मावशींच्या कपाळावर टेकवलं.